गुळव्याचा अंदाज आणि डोपामिन

डोपामिनला 'आनंदाचं रसायन' म्हणणं आता थांबवायला हवं. रील्समधून आणि कामगारांसाठी ठेवलेल्या प्रेरणादायी व्याख्यानांतून हे इतक्यांदा सांगितलं जातं, की त्यावर 'डोपामिन डिटॉक्स' नावाचे उपवासही निघाले. मेंदूतलं डोपामिन असं चार दिवसांत धुऊन निघत नाही. ते खरंच घटलं, तर माणूस ताजातवाना होत नाही, त्याला साधी हालचाल जड जाते. पार्किन्सनच्या आजारात हेच होतं.

मग डोपामिन करतं काय? रोजच्या कामात समाधान कशातून येतं, हे समजून घ्यायचं तर इथूनच सुरुवात करावी लागते.

मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मध्यमेंदूतल्या डोपामिन पेशींचे विद्युत संकेत मोजले. अचानक फळाचा रस मिळाला की पेशी जोरात चेतायच्या. पण दिवा लागल्यावर रस येतो हे माकड शिकलं, की रस मिळताना पेशींत काहीच फरक पडेना. आता त्या दिवा लागताना चेतू लागल्या. आणि दिवा लावूनही रस दिला नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता, नेमक्या त्या क्षणी त्यांचे संकेत नेहमीपेक्षा खाली जायचे. पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्यासोबत शुल्ट्झ यांनी 1997 साली याचा अर्थ मांडला: या पेशी रस मोजत नाहीत, फरक मोजतात. मिळालेलं वजा अपेक्षित. या फरकाला आपण 'अंदाजाची चूक' म्हणू.

पुढचा अंदाज या चुकीवरूनच सुधारतो. नवा अंदाज = जुना अंदाज + (शिकण्याचा वेग × चूक). आकडे घालून पाहा. बक्षीस दर वेळी 10, वेग 0.2, सुरुवातीचा अंदाज शून्य. पहिली चूक 10, म्हणून अंदाज 2 होतो. दुसरी चूक 8, अंदाज 3.6. तिसरी 6.4, अंदाज 4.88. दहा वेळा झाल्यावर अंदाज 8.9 वर पोचतो आणि चूक उरते जेमतेम 1.1. बक्षीस मात्र पहिल्यापासून दहाचं दहाच आहे! पगारवाढीची खुशी काही महिन्यांत का विरते, याचं निदान अर्धं उत्तर या गणितात आहे, असं मला वाटतं.

पण इथे एक पेच आहे. अंदाज बरोबर जमत गेले, तर कधी जास्त, कधी कमी अशा चुकांची सरासरी शून्याकडे जाते. म्हणजे समाधान नुसत्या अनपेक्षित लाभांच्या बेरजेतून येऊ शकत नाही.

रॉब रटलेज आणि सहकाऱ्यांनी 2014 साली मोबाइलवरच्या एका खेळातून 18,420 जणांची माहिती घेतली. त्या त्या क्षणीचा आनंद एकूण किती गुण कमावले यावर नव्हता. अपेक्षेच्या मानाने कसं गेलं, यावर होता. 2020 साली बास्तियाँ ब्लेन आणि रटलेज यांनी पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्या खेळात दोन पर्यायांतून एक निवडायचा. जिंकल्यास किती मिळेल ते आधीच दिसे. कोणता पर्याय जास्त वेळा जिंकतो, ते मात्र खेळत खेळत ओळखावं लागे. लोकांचा आनंद बक्षिसाच्या आकड्यापेक्षा या ओळखण्याशी जोडलेला निघाला. म्हणजे बरं वाटण्याचा संबंध बक्षिसापेक्षा जगाबद्दल शिकण्याशी जास्त आहे, असं यावरून दिसतं.

हे वाचलं तेव्हा मला कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर-पन्हाळ्याकडचा गुळव्या, म्हणजे गूळ बनवणारा कारागीर, आठवला. काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उसाचा रस उकळतोय, भेंडीचं चिकट पाणी घालून मळी वर आणून काढलीय, आणि पाक 118 अंश सेल्सिअसच्या आसपास आला की काहील उतरवायची. गुळव्या थर्मामीटर लावत नाही. थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळते का बघतो, फेसाचा रंग बघतो. लवकर उतरवली तर गूळ मऊ राहतो, उशीर झाला तर करपतो. उसाची जात, जमीन, तोडणीनंतर गेलेला वेळ यांमुळे प्रत्येक आदणाचा, म्हणजे एका वेळी उकळलेल्या घाण्याचा, रस वेगळा. म्हणजे शिकायला दर वेळी काहीतरी उरतं, आणि आपला अंदाज खरा होता का, ते वाफ्यात गूळ ओतल्यावर थोड्याच वेळात कळतं. काम धगीचं आणि कष्टाचं आहे, त्याचं कौतुक करून मजुरी कमी द्यायची सोय कुणी काढू नये. पण मेंदूला उत्तर मिळण्याच्या बाबतीत हे काम श्रीमंत आहे.

आता कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीतला, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यातला, मोल्डर घ्या. तो वाळूचे साचे करतो. वाळूत ओल किती, ठासणी किती, हे अंदाज तोही करतोच. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या नगात, ब्लोहोल (वायूमुळे राहिलेली पोकळी) निघालं, तर ते पुढच्या खात्यात, कधी गिऱ्हाइकाकडे मशिनिंग करताना कळतं. त्याच्यापर्यंत पोचतो तो महिन्याच्या रिजेक्शनचा, म्हणजे नाकारलेल्या नगांचा, एक आकडा, तोही सगळ्या लाइनचा मिळून. आपलं कुठे चुकलं, हे त्यातून शिकता येत नाही. मग कामात मन लागत नाही म्हणून वास्तुशास्त्रानुसार मशीनची दिशा बदलतात, भिंतीवर सुविचार लावतात. डोपामिनच्या पेशींना पूर्व-पश्चिम कळत नाही.

प्रयोगातले खेळ काही मिनिटांचे होते आणि नोकरी वर्षानुवर्षांची, हा फरक मोठा आहे. तरीही करून पाहण्यासारखी गोष्ट अवघड नाही. अनेक कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या त्या ओतणीचा क्रमांक, असतो. कोणत्या हीटचा कोणता नग कशामुळे नाकारला, ही नोंद क्वालिटी विभागात ठेवलेली असते. ती रोज, फोटोसकट, त्या पाळीच्या मोल्डरला दाखवावी. चांगले निघालेले नगही दाखवावेत, नुसते नाकारलेले नकोत.