सातचा पत्ता कोण उलटणार?

जाड कागदाचे पत्त्यांएवढे चार तुकडे कापा. पहिल्यावर ‘ई’ लिहा, मागे ६. दुसऱ्यावर ‘क्’, मागे ३. तिसऱ्यावर ४, मागे ‘ट्’. चौथ्यावर ७, मागे ‘आ’. ई, क्, ४, ७ या बाजू वर ठेवून पत्ते ओळीत मांडा आणि मित्रांना सांगा : प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर आहे, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम असा की, अक्षर स्वर असेल तर मागचा आकडा सम असतो. हा नियम या चार पत्त्यांपुरता खरा की खोटा, हे ठरवायला कमीत कमी कोणते पत्ते उलटावे लागतील?

क पाय मोडकाच लिहा. नुसत्या ‘क’मध्ये ‘अ’ दडलेला असतो. व्याकरणात पक्का असलेला मित्र तिथेच खेळ अडवेल आणि त्याची हरकत रास्त असेल. ‘एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा’ हेही मोठ्याने सांगायला हवं. नाहीतर क्‌च्या मागे एखादा स्वर असल्याची शंका उरते आणि मग क् उलटणंही बरोबर ठरतं.

हे कोडं ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ साली मांडलं. बहुतेक जण ‘ई आणि ४’ किंवा नुसता ‘ई’ म्हणतात. एकट्याने सोडवताना दहांतल्या एखाद्यालाच ते जमतं.

उत्तर आहे ई आणि ७. नियम मोडतो तो एकाच प्रकारे : स्वर आणि विषम आकडा एकाच पत्त्यावर आले तर. ४ च्या मागे काहीही निघालं तरी नियमाला धक्का लागत नाही, कारण ‘सम आकड्यामागे स्वरच हवा’ असं कुणी म्हटलेलंच नाही. ७ च्या मागे स्वर निघाला, तर मात्र नियम संपला. ‘ई आणि ४’ म्हणणाऱ्यांसमोर तेच दोन पत्ते उलटा. ६ आणि ट् दिसतात, नियम टिकला असं वाटतं. मग ७ उलटा.

आता मित्रमंडळींचा भाग. डेव्हिड मोशमन आणि मॉली गील यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकेकट्या विद्यार्थ्यांपैकी ९ टक्क्यांना उत्तर आलं, तर पाच-सहा जणांच्या गटांपैकी ७५ टक्के गटांना. ही झेप चर्चेची आहे. ती साधायची तर आधी दोन-तीन मिनिटं गप्प बसून प्रत्येकाने आपलं उत्तर चिठ्ठीवर लिहावं. हे टाळलं तर पहिल्या बोलणाऱ्यामागे सगळे जाण्याचा धोका असतो. मग चिठ्ठ्या एकदम उघडा आणि पंधरा मिनिटं वाद घाला. हात वर करून मतदान अजिबात नको, इथे बहुमत बहुधा चुकलेलंच असतं. अडलात तर एकेका पत्त्यावर बोट ठेवून विचारा, ‘याच्या मागे काय निघालं तर नियम खोटा पडेल?’ ४ वर बोट ठेवल्यावर उत्तर सापडत नाही, ७ वर लगेच सापडतं, आणि ते प्रत्येकाला स्वतः पडताळता येतं. उत्तर आधीच माहीत असलेल्याने पत्ते मांडावेत, खेळू नये.

चूक होते कशी, हे पाहायला तेच पत्ते पुन्हा मांडा आणि नियम एका शब्दाने बदला : अक्षर स्वर असेल तर मागचा आकडा सम *नसतो*. मंडळी नवी हवीत, पहिला डाव पाहिलेली नकोत. पुन्हा बहुतेक जण ई आणि ४ च निवडतील, पण आता ते बरोबर आहे! स्वर आणि सम हे शब्द कानावर पडले की मन तेच पत्ते उचलतं, ‘नाही’कडे फारसं लक्ष न देता. जोनाथन इव्हान्स यांनी १९७०च्या दशकात हाच कल दाखवून दिला. म्हणूनच ‘नसतो’च्या डावात बरोबर आलेल्यांनाही कारण विचारा, पुष्कळांना ते सांगता येत नाही.