काळ्या गाडीवरील स्वर्ल मार्क

स्वर्ल मार्क : मोटारगाडीच्या रंगावरील सर्वांत वरच्या पारदर्शक थरात पडलेले अतिसूक्ष्म चऱ्यांचे जाळे. ढगाळ दिवशी ते दिसत नाही. उन्हात, किंवा रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली, बॉनेटवर कोळ्याने जाळे विणावे तशी वर्तुळे एकदम उमटतात. रंग कोणताही असो, चरे सारखेच पडतात. पण काळ्या, गडद निळ्या आणि गडद लाल गाड्यांवर ते लपत नाहीत. डिटेलिंगचा, म्हणजे गाड्यांची बारकाईने सफाई आणि पॉलिश करण्याचा, धंदा करणारे त्यांना ‘स्वर्ल’ म्हणतात, बाकीच्यांच्या बोलण्यात ते नुसते ‘चरे’ असतात.

गेटला घासून किंवा कोणी किल्ली ओढल्याने पडलेला ओरखडा वेगळा. तो एका क्षणात पडतो आणि बहुधा त्याचे कारणही कळते. स्वर्ल मार्क गाडी चालवताना फारसे पडत नाहीत. ते पडतात गाडी पुसताना आणि धुताना. म्हणून महिनोन्‌महिने धूळ खात उभ्या असलेल्या गाडीपेक्षा रोज सकाळी हौसेने पुसलेल्या काळ्या गाडीचा रंग लवकर निस्तेज होतो. मालकाला हे पटवून देणे हेच या विषयातले सर्वांत अवघड काम आहे.

रंगाचे थर

कारखान्यात पत्र्यावर साधारणपणे चार थर चढतात: गंज रोखणारा ई-कोट, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग देणारा बेस कोट आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट. चारही मिळून जाडी सुमारे १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरते. त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या झळाळीसाठी काळी गाडी घेतली, ती केसाहून पातळ अशा प्लॅस्टिकच्या थरावर टिकून असते. अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षण करणारी द्रव्येही याच थरात असतात.

जुन्या गाड्यांत अशी रचना नव्हती. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळत असे. पुढे ड्यूपाँ कंपनीच्या ‘ड्यूको’ या नायट्रोसेल्युलोज लॅकरमुळे लवकर वाळणारे इतर रंग आले. या रंगांत रंग आणि चमक एकाच थरात असे. पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागायचा. १९८०च्या दशकापासून बेस कोट आणि क्लिअर कोट वेगळे करण्याची पद्धत सर्वत्र रूढ होत गेली. आज स्वर्ल मार्क पडले म्हणून ‘रंग उडाला’ म्हणतात ते त्यामुळे बरोबर नाही. रंग खाली शाबूत असतो, वरची काच खरवडलेली असते.

काळ्यावरच का, आणि गोलच का

फळ्यावर खडूची रेघ दिसते, चुना लावलेल्या भिंतीवर तीच रेघ शोधावी लागते. इथेही तेच घडते. पांढऱ्या रंगावर पडलेला बहुतेक प्रकाश सगळ्या दिशांना विखरून परत येतो. चऱ्याच्या कडेवरून विखुरलेला थोडा प्रकाश त्यात हरवतो. काळा बेस कोट जवळपास सगळा प्रकाश गिळतो. परत येतो तो केवळ क्लिअर कोटच्या पृष्ठभागावरून आरशासारखा परावर्तित होणारा, समोरून पाहिल्यास सुमारे ४ टक्के. त्या गर्द पार्श्वभूमीवर प्रत्येक चरा चमकतो.

वर्तुळांमुळे अनेकांची दिशाभूल होते. कोणीतरी गोल गोल फडके फिरवले म्हणून गोल चरे पडले, असे वाटते. प्रत्यक्षात चरे वेड्यावाकड्या सर्व दिशांना असतात. चर ही सूक्ष्म खाच असते आणि ती प्रकाश आपल्या लांबीच्या आडव्या दिशेने फेकते. त्यामुळे सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जे चरे स्पर्शरेषेसारखे पडलेले असतात, तेवढ्यांचाच प्रकाश डोळ्यांपर्यंत पोचतो आणि त्यांची वर्तुळे भासतात. मोबाइलची बॅटरी लावून बॉनेटवर हलवून पाहावी: वर्तुळे दिव्याबरोबर सरकतात. गोल फडके फिरवणाऱ्याचा अपराध यातून सिद्ध होत नाही, पण तो सुटतही नाही.

कारणे

क्लिअर कोट बनतो पॉलिमरचा. धूळ बनते दगडाची. खनिजे किती कठीण हे १ ते १० अंकांत सांगणाऱ्या मोहच्या काठिण्यश्रेणीवर (हिरा १०) नदीच्या वाळूतले क्वार्ट्‌झ ७ ला बसते. दख्खनच्या बेसॉल्टमधील फेल्स्पार आणि पायरॉक्सीन साधारण ५ ते ६ वर, आणि कोकणच्या जांभ्यातील लोहखनिजेही त्याच आसपास. खडी क्रशरची कच, मेट्रोच्या कामाची माती, घाटातली लाल धूळ यांपैकी काहीही गाडीवर बसले तरी ते रंगापेक्षा कठीणच असते. नुसते बसलेले असेपर्यंत त्याचा उपद्रव नसतो. वरून फडके फिरले की त्याचा पॉलिश पेपर होतो.

क्लिअर कोट किती टिकाऊ आहे हे तपासण्यासाठी रंगनिर्मात्यांची एक चाचणी आहे, आयएसओ २०५६६. तीत रंगवलेल्या पत्र्यावर फिरता ब्रश चालवतात आणि पाण्यात दर लिटरला दीड ग्रॅम क्वार्ट्‌झची पूड मिसळतात. ब्रशच्या १० फेऱ्या जाऊन-येऊन झाल्या की चमक किती घटली हे मोजतात. रंग मुद्दाम खराब करण्यासाठी प्रयोगशाळेत एवढेच लागते: गढूळ पाणी आणि घासणारे काहीतरी. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी सहा वाजता ही चाचणी बिनबोभाट सुरू असते. गाड्या पुसणारा एक माणूस, एक बादली, एक फडके आणि पंधरा-वीस गाड्या. पाचव्या गाडीपर्यंत बादलीच्या तळाशी पहिल्या चार गाड्यांची माती जमलेली असते. यात त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. महिन्याच्या ठरलेल्या पैशांत त्याने प्रत्येक गाडीसाठी पाणी बदलावे ही अपेक्षाच अवाजवी आहे. काळ्या गाड्यांचे जाणते मालक त्याचे पैसे बंद करत नाहीत, एवढेच सांगून ठेवतात: “काका, काचाच पुसत जा, रंगाला हात लावू नका.”

कोरड्या धुळीवरून फिरणारे पिवळे फडके आणि डिकीत ठेवलेला धूळ झटकण्याचा ब्रश हे घरातले आरोपी. कव्हरही निरुपद्रवी नाही. धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर घातले आणि वारा सुटला की ते दिवसभर रंगावर घासत राहते. धुळीत बोटाने नाव लिहिणारी पोरे जे लिहितात ते धुतल्यावरही तिरप्या उन्हात वाचता येते. दरवाजाच्या मुठीमागच्या खोलगट भागात नखांचे आणि अंगठ्यांचे चरे असतात. तिथे तर मालकाचाच हात असतो.

पाण्याचे डाग हा जोडीचा रोग. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचे थेंब उन्हात वाळले की क्षारांची पांढरी कडी उरतात. ती काढायला माणूस जोर लावून पुसतो आणि डागांबरोबर चरेही मिळवतो. ताजे डाग पाणी घालून सौम्य केलेल्या व्हिनेगरने विरघळतात. मग भरपूर पाण्याने धुवावे. पक्ष्यांची विष्ठा मात्र थांबू देत नाही. काळ्या गाडीचा पत्रा उन्हात हात लावू देत नाही इतका तापतो, त्या उष्णतेने क्लिअर कोट मऊ पडतो आणि विष्ठेचा ठसा त्यात कोरला जातो. ती खरडू नये. ओले फडके काही मिनिटे वर ठेवून भिजू द्यावी आणि उचलून घ्यावी.

धुण्याची रीत

सगळ्या रीतीचे सार असे की फडके लागण्याआधी जितकी माती पाण्याने जाईल तितकी जाऊ द्यायची. गाडी सावलीत आणि पत्रा थंड असताना पाइपने किंवा प्रेशर वॉशरने वरून खाली धुवून घ्यावी. शक्य असल्यास फेस मारून पाच मिनिटे सोडावा, वाळू देऊ नये. मग मायक्रोफायबरचा किंवा लोकरीचा मोजा शाम्पूच्या पाण्यात बुडवून, जोर न देता, टपापासून सुरुवात करावी. दोन बादल्या लागतात: एक शाम्पूची, दुसरी नुसत्या पाण्याची. एक भाग पुसून झाला की मोजा आधी साध्या पाण्यात खंगाळायचा, मगच शाम्पूत. तळाशी जाळी ठेवली तर बसलेली माती पुन्हा वर येत नाही. दरवाजांचा खालचा पट्टा सर्वांत शेवटी, आणि चाकांसाठीचे कापड कायमचे वेगळे, कारण ब्रेकच्या घर्षणातून उडालेली लोखंडाची कीस तिथे असते. कपड्यांची पावडर वापरू नये. ती वॅक्सचा थर धुऊन नेते.

हात सरळ रेषेत फिरवावा असे सांगतात. त्याने चरे टळत नाहीत, पण पडलेले एकाच दिशेचे असल्याने एकाच कोनातून दिसतात. इतका माफक फायदाही काळ्या गाडीला चालतो.

निम्मे चरे वाळवताना पडत असावेत, अशी शंका घ्यावी इतके लोक या पायरीवर घाई करतात. मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल पसरून पाणी टिपायचे असते, ओढायचे नसते. टॉवेलचे शिवलेले लेबल आधी कापून टाकावे. जमिनीवर पडलेले फडके त्या दिवसापुरते बाद, ते झटकून चालत नाही. हे टॉवेल इतर कपड्यांबरोबर धुऊ नयेत आणि त्यांना फॅब्रिक सॉफ्टनर लावू नये; तंतूंवर थर बसून ते पाणी शोषेनासे होतात.

पाण्याची टंचाई असेल तिथे ही श्रीमंती परवडत नाही. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाडी धुतल्यास ५,००० रुपये दंड ठरवला गेला होता, आणि उन्हाळ्यात आपल्याकडेही अनेक सोसायट्या पाइप बंद करतात. अशा वेळी ‘रिन्सलेस वॉश’ उपयोगी पडतो. बादलीभर पाण्यातले वंगणयुक्त द्रव्य मातीचे कण वेढून धरते आणि नंतर गाडी खळखळून धुवावी लागत नाही. हलक्या धुळीसाठी ही पद्धत चांगली. पावसाळ्यातल्या चिखलावर ती वापरू नये.

चरे काढणे

चरा ‘भरून’ निघत नाही. पॉलिश करणे म्हणजे आजूबाजूचा क्लिअर कोट चऱ्याच्या तळापर्यंत घासून खाली आणणे. स्वर्ल मार्क इतके उथळ असतात की त्यासाठी थोडाच थर जातो, पण तो परत येत नाही. दर दिवाळीला ‘रबिंग-पॉलिश’ करून घेणारा माणूस ठेवीतून व्याज नव्हे, मुद्दल काढत असतो. नख फिरवल्यावर अडकेल इतका खोल चरा पूर्ण घालवण्याचा हट्ट धरू नये. त्याच्या कडा बोथट केल्या तरी तो पुष्कळसा दिसेनासा होतो.

हाताशी रोटरी मशीन आणि भरड कंपाउंड (रंग घासणारा लेप) असलेला अननुभवी कारागीर काळ्या गाडीला स्वर्लपेक्षा वाईट देणगी देतो. एकाच अक्षावर फिरणाऱ्या पॅडचे लाटांसारखे पट्टे उन्हात चमकतात. त्यांना ‘होलोग्राम’ म्हणतात. फिरता फिरता हेलकावणाऱ्या ड्युअल अ‍ॅक्शन मशीनने हा धोका बराच कमी होतो. काम देण्यापूर्वी जाडी मोजणारे यंत्र आहे का हे विचारावे. ते सर्व थरांची एकत्रित जाडी दाखवते, एकट्या क्लिअर कोटची नाही, आणि नेहमीचे यंत्र प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही. तरी आधी कुठे घासले वा पुन्हा रंगवले आहे हे त्यावरून कळते.

तेल, सिलिकोन किंवा डिझेलचे बोट फिरवून आलेली चमक ही चरे तात्पुरते बुजवण्यापुरती असते. दोन धुण्यांत ते पुन्हा वर येतात, आणि तोवर त्या चिकटपणावर धूळ मात्र आनंदाने बसते.

आवरणे

ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा वॅक्स काळ्या रंगाला खोली देते, पण आपल्या उन्हात काही आठवड्यांपुरतेच. सिरॅमिक कोटिंग जास्त टिकते. त्याच्या जाहिरातीतले ‘९ एच’ हे पेन्सिलच्या काठिण्याचे माप आहे, खनिजांच्या मोहश्रेणीचे नाही. या दोहोंत गोंधळ करून हिऱ्याशी जवळीक सांगणारे विक्रेते कमी नाहीत. सिलिकायुक्त हा लेप फार तर एक-दोन मायक्रॉन जाड असतो. दगडी धूळ त्याला ओरखडतेच. त्याचा खरा उपयोग असा की पाणी आणि चिखल त्यावर ठरत नाही, त्यामुळे घासण्याची गरज घटते.

चऱ्यांना प्रत्यक्ष अडवते ती पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक फिल्म. तिचे मूळ व्हिएतनाम युद्धात अमेरिकी हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळूपासून वाचवणाऱ्या पट्टीत आहे. आजच्या चांगल्या फिल्मवरचे बारीक चरे उन्हाने किंवा गरम पाण्याने मिटतात. खर्च मोठा असल्याने अनेकजण फक्त बॉनेट, बंपर, आरसे आणि दरवाजाच्या मुठींमागचे खळगे झाकून घेतात, आणि ही तडजोड शहाणपणाची आहे. गाडीनिर्मात्यांनीही रंगातच उत्तर शोधले: मर्सिडीजने २००३ च्या अखेरीस सूक्ष्म सिरॅमिक कणांचा क्लिअर कोट आणला, तर निस्सानने २००५ मध्ये निप्पॉन पेंटसह विकसित केलेला, बारीक चरे आपोआप भरून येणारा लवचीक थर जाहीर केला.

नवी गाडी आणि दसरा

नव्या काळ्या गाडीवरचे पहिले स्वर्ल मार्क बऱ्याचदा ताबा मिळण्याच्या सकाळीच पडतात, शोरूमच्या मागे घाईने पुसताना. म्हणून काही ग्राहक ‘गाडी न धुता द्या’ असे आधीच लिहून देतात. त्यानंतर हार, पेढे आणि बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक येते. दोऱ्यात ओवलेला झेंडूचा हार बांधून गाडी महामार्गावर नेली की तो रंगावर आपटत राहतो. पूजा झाली की तो उतरवून घ्यावा. अक्षता आणि वाळलेले कुंकू कोरड्या फडक्याने न पुसता पाण्याने वाहू द्यावे. पांढऱ्या गाडीवर हळदीचा पिवळा डाग राहतो आणि काही दिवसांत उन्हाने उडून जातो. काळ्या गाडीवर तो डाग दिसतच नाही. दिसतो तो पुसताना पडलेला चरा.