फोमभरित नौकाकवच : रचना आणि जुन्या होडीची दुरुस्ती

फायबरग्लासच्या होडीचे बाहेरचे कवच आणि तिचा आतला तळ यांमधील पोकळी बंद कोशांच्या पॉलियुरेथेन फोमने भरण्याच्या पद्धतीस फोमभरित बांधणी म्हणतात. अशा जुन्या होडीची दुरुस्ती हाती घेताना सर्वप्रथम तिच्यातील फोम नेमके कोणते काम करतो हे ठरवावे लागते. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन होड्यांपैकी एकीत तो केवळ तरंगण्याची हमी असतो, तर दुसरीत तो कवचाच्या ताकदीचाच भाग असतो. ही ओळख न पटवता तळ कापला, तर होडीचा आकार कायमचा बिघडू शकतो.

दुसऱ्या प्रकारचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतील बॉस्टन व्हेलर. रिचर्ड फिशर यांनी रेमंड हंट यांच्या साह्याने आखलेली १३ फुटी होडी १९५८ मध्ये बाजारात आली. तिचे बाहेरचे व आतले कवच वेगवेगळ्या साच्यांत घडवून, साचे एकमेकांवर घट्ट बसवून मधल्या जागेत द्रवरूप फोम ओतला जाई. तो फुगताना दोन्ही कवचांना चिकटे आणि सगळी होडी एकसंध होई. १९६१ मध्ये ‘लाइफ’ मासिकाने ही होडी करवतीने मधोमध कापली जात असल्याची छायाचित्रे छापली आणि न बुडणारी होडी ही तिची ख्याती पक्की झाली. अशा बांधणीत दोन्ही कवचे तुलनेने पातळ ठेवता येतात, कारण मधला फोम त्यांना वाकू देत नाही. साहजिकच फोमची पकड सुटली की पातळ कवच एकटे पडते.

बहुसंख्य होड्यांत मात्र कवचाला लांबीच्या दिशेने बसवलेल्या पट्ट्यांचा, म्हणजे स्ट्रिंगरचा आधार असतो आणि फोम या पट्ट्यांमधील कप्प्यांत भरलेला असतो. अमेरिकेत १९७१ च्या नौकासुरक्षा कायद्यान्वये पुढे झालेल्या नियमांनी, २० फुटांपेक्षा कमी लांबीच्या व बाहेर बसवलेल्या इंजिनाच्या बहुतेक होड्या पाणी भरल्यावरही साधारण समतल तरंगत राहिल्या पाहिजेत, असे बंधन घातले. कप्प्यांत फोम भरणे हा त्यावरचा सोपा उपाय ठरला. पण येथेही फोम निव्वळ भरण आहे असे गृहीत धरू नये. काही होड्यांत स्ट्रिंगर इतके पातळ असतात की बाजूच्या फोमच्या टेक्याशिवाय ते सरळ उभे राहत नाहीत, आणि आतला तळही त्याच फोमवर टेकलेला असतो.

नव्या फोमची घनता साधारणपणे एका घनमीटरला ३२ किलोग्रॅम असते. म्हणजे एक घनमीटर फोम गोड्या पाण्यात सुमारे ९६८ किलोग्रॅम भार तोलून धरतो. बंद कोशांचा फोम पाणी पीत नाही हा समज अर्धाच खरा आहे. पाण्याखाली वर्षानुवर्षे राहिल्यास, गोठण्या-वितळण्याने कोश फुटत गेल्यास किंवा सततच्या हादऱ्यांनी फोमचा भुगा झाल्यास त्यात पाणी मुरते. ते शिरते बहुधा वरूनच : आसनांच्या स्क्रूंची भोके, तळातून जाणाऱ्या निचरा नळीची सैल झालेली कड, किंवा मागच्या सपाट भिंतीतील, म्हणजे ट्रान्सममधील, कुजलेले प्लायवूड. एकदा आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. ०.३ घनमीटर फोमपैकी एक तृतीयांश भाग पाण्याने भरला तरी होडीचे वजन जवळजवळ १०० किलोग्रॅमने वाढते.

म्हणून वजन हा सर्वांत विश्वसनीय पुरावा होय. होडी ट्रेलरसह वजनकाट्यावर चढवावी, नंतर रिकाम्या ट्रेलरचे, इंजिनाचे व इंधनाचे वजन वजा करून बाकी मूळ वजनाशी ताडून पाहावी. ओलावामापक यंत्र पृष्ठभागालगतचेच सांगते, खोलवरचे नाही. संशय पक्का करायचा असल्यास आतल्या तळाला मध्यरेषेजवळ, सर्वांत खोल जागी, गोल करवतीने लहान भोक पाडून नमुना काढावा. तो पिळल्यावर पाणी निघाले तर पुढे वाद उरत नाही. कप्प्यातील पाणी मुरलेला फोम भोके पाडून वाळवण्याचे प्रयत्न अनेकजण करतात, पण पाणी शिरायला लागलेली वर्षे पाहता ते क्वचितच यशस्वी होतात. बॉस्टन व्हेलरसारख्या कवचात ओला भाग मर्यादित असेल, तर आतले कवच तेवढ्याच भागापुरते कापून तेथील फोम बदलणे अधिक शहाणपणाचे असते.

तळ कापण्यापूर्वी कवचाला बाहेरून त्याच्याच आकाराच्या अनेक आधारांवर बसवणे अनिवार्य आहे, कारण तळ व फोम काढल्यावर ते सैल पडते आणि त्या स्थितीत नवा तळ बसवला तर वाकडेपणा कायमचा राहतो. करवतीची खोली तळाच्या जाडीएवढीच ठेवावी आणि कडेला काही सेंटीमीटरची पट्टी शिल्लक ठेवावी, म्हणजे नवा तळ चिकटवायला आधार मिळतो. कुजलेले स्ट्रिंगर फोम भरण्याआधीच बदलावेत.

नवा फोम दोन द्रव मिसळून तयार होतो. मिश्रण काही सेकंदांत फुगू लागते व मूळ आकारमानाच्या २५ ते ३० पट होते. ही क्रिया उष्णता बाहेर टाकते. एकाच वेळी जाड थर ओतल्यास आतला भाग करपतो, प्रसंगी पेटतोही. म्हणून तो पातळ थरांत, प्रत्येक थर थंड झाल्यावर पुढचा, असा ओतावा. बंद पोकळीत फुगणारा फोम तळ उचलू शकतो किंवा कवच फुगवू शकतो, तेव्हा हवा व जादा फोम निघण्यासाठी भोके ठेवणे आवश्यक असते. थंडीत फोम पुरेसा फुगत नाही आणि दमट पृष्ठभागावर नीट चिकटत नाही. घटकांपैकी आयसोसायनेट श्वसनमार्गाला घातक असून त्याने कायमची ॲलर्जी जडू शकते. योग्य श्वसनमुखवटा आणि खेळती हवा यांत तडजोड नको.

फोम किती भरला याइतकेच तो कोठे भरला हेही महत्त्वाचे आहे. सगळा फोम तळाशी असलेली होडी पाणी भरल्यावर उलटण्याकडे झुकते. कडेला, वरच्या बाजूस आणि इंजिनाच्या भारापाशी ठेवलेला फोम तिला सरळ धरतो. मध्यरेषेलगत मात्र निचऱ्यासाठी मोकळी वाट सोडावी, कारण पाणी कधी ना कधी शिरणारच. ॲल्युमिनियमची इंधनटाकी फोममध्ये गाडलेली असेल तर तिच्याभोवती साचलेला ओलावा धातू खातो, म्हणून तळ उघडलेला असतानाच ती बाहेर काढून तपासावी. नव्या तळात पुढे जेथे जेथे स्क्रू बसवायचे असतील, तेथील भोके आधी मोठी पाडून, इपॉक्सीने भरून, मग त्यांतच नव्याने पाडावीत, म्हणजे स्क्रूभोवतीच्या फटीतून पाणी फोमपर्यंत पोहोचत नाही.