आरतीतले हात : विद्यार्थी, स्मार्टफोन आणि उपासनेची शिस्त

नाशिकच्या वसतिगृहांत गणेशोत्सवाची आरती सुरू होते, तेव्हा अनेक विद्यार्थ्यांच्या हातात स्मार्टफोन असतो. कोणी त्यावर आरतीचे शब्द वाचतो, कोणी चित्रीकरण करतो, तर कोणी गावाकडे असलेल्या आईला व्हिडिओ कॉलवर मूर्ती दाखवतो. या तिन्ही गोष्टी एकाच मापाने मोजून ‘आजच्या मुलांना भक्तिभाव नाही’ असे म्हटले जाते. मला तो निर्णय घाईचा वाटतो.

आपल्याकडे श्रद्धेची शिस्त मुख्यतः शरीराने पाळली जात आली आहे. रामकुंडावर स्नान करायचे, देवळाच्या दाराशी वहाणा काढायच्या, घंटा वाजवायची आणि आरतीला टाळी किंवा टाळ वाजवायचा. यात हातांना रिकामपण नव्हते, आणि पाठांतरामुळे डोळे मूर्तीकडे लावायला मोकळे राहत. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ ही आरती परंपरेने ज्यांच्या नावावर आहे, त्या समर्थ रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळीत 12 वर्षे तपाचरण केल्याचे मानले जाते. त्यांच्या दासबोधातला चौथा दशक नवविधा भक्तीचा असून त्याचा पहिलाच समास श्रवणभक्तीचा आहे. ऐकणे ही स्वतंत्र साधना मानल्यामुळेच कीर्तनात मध्येच बोलणाऱ्याला दटावण्याचा अधिकार शेजारी बसलेल्या कोणालाही असे.

तरीही यंत्रातून दिसणारा देव आपल्याला नवा नाही. 1894 मध्ये सुरू झालेल्या रविवर्मा छापखान्याच्या चित्रांनी देव घराघरांच्या भिंतींवर आणले. त्या छापखान्यासाठी काम केलेले दादासाहेब फाळके यांचा जन्म 1870 मध्ये त्र्यंबकेश्वरला झाला आणि 1944 मध्ये नाशिकलाच त्यांचे निधन झाले. त्यांच्या 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायांतल्या वहाणा काढत, असे सांगितले जाते. पुढे 25 जानेवारी 1987 पासून दूरदर्शनवर रामायण मालिका सुरू झाली, तेव्हा अनेक घरांत दूरचित्रवाणी संचाला हार घातले गेले आणि उदबत्त्या लागल्या. म्हणजे पडदा आला म्हणून आदर गेला नाही. लोकांनी देवळातली रीत पडद्यासमोर नेली. मात्र तो पडदा सर्वांचा होता, आणि मालिकेच्या वेळी त्यावर दुसरे काहीच नसे.

भारतातला पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 रोजी झाला, पण विद्यार्थ्यांच्या बाबतीत खरा बदल घडला तो 2016 नंतर, इंटरनेट स्वस्त झाल्यावर. त्यानंतर 2020 च्या मार्चमध्ये महाराष्ट्रातील मंदिरे बंद झाली आणि 16 नोव्हेंबरला उघडली. मधल्या काळात ज्या फोनवर वर्ग भरत होते, त्याच फोनवर दर्शन, पूजा आणि कीर्तनेही होत होती, आणि हे करायला घरातल्या वडीलधाऱ्यांनीच सांगितले होते. या मुलांना फोन उपासनेच्या आड येणारी वस्तू वाटत नाही, याचे मोठे कारण तिथे आहे, आणि त्यांना दोष देताना ते विसरले जाते.

त्यानंतर नियम आले. डिसेंबर 2022 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तामिळनाडूतील मंदिरांत मोबाइलला बंदी करण्याचे निर्देश दिले, तर 2023 मध्ये केदारनाथ मंदिरात छायाचित्रणावर बंदी आली. देवळाच्या दाराशी फोन ठेवून घेता येतो. वसतिगृहाच्या सभागृहात मात्र असा पहारा नसतो, आणि फोन कधी खिशात जातो ते आरतीच्या ओघातच ठरते. ज्याला शब्द पाठ असतात, तो पहिल्या कडव्यापासून टाळ्या वाजवतो. ज्याला ते पाठ नसतात, तो ‘घालीन लोटांगण’पर्यंत पडद्याकडे पाहत राहतो. शेवटी निरांजनाचे ताट फिरत त्याच्यापाशी येते आणि ज्योतीवर दोन्ही तळवे धरायचे असल्याने तोही फोन खिशात ठेवतो.