क्यूबेकचा पाडाव (मुद्राचित्र)

कॅनडातील क्यूबेक हे फ्रेंचांचे तटबंदीचे शहर ब्रिटिशांनी कसे जिंकले, हे दाखविणारे इंग्रजी मुद्राचित्र (कोरलेल्या पत्र्यावरून छापलेले चित्र). ब्रिटिश सेनापती जेम्स वुल्फ याचा एडीसी (सेनापतीचा साहाय्यक अधिकारी) हर्व्ही स्मिथ (१७३४–१८११) याच्या रेखाटनावरून ते कोरले गेले. लंडनच्या लॉरी अँड व्हिटल या पेढीने १७९७ साली काढलेली त्याची प्रत विशेष परिचित आहे.

ब्रिटन व फ्रान्स परस्परविरुद्ध लढले त्या सप्तवार्षिक युद्धात (१७५६–६३), जून १७५९ अखेर, वुल्फने सेंट लॉरेन्स नदीतून येऊन क्यूबेकला वेढा घातला. नदीपलीकडच्या लेव्ही येथील तोफखान्याने १२ जुलैपासून शहरावर मारा सुरू केला. तथापि ३१ जुलैला माँमोरन्सी धबधब्याजवळ केलेला हल्ला फसला आणि फ्रेंच सेनापती माँकाम तटबंदी सोडून बाहेर येईना. अखेर १३ सप्टेंबरच्या पहाटे ब्रिटिश सैन्य शहरापासून नदीच्या वरच्या अंगाला होड्यांतून उतरले, सुमारे ५३ मीटर उंचीचा कडा चढून अब्राहमच्या पठारावर आले आणि सकाळी दहाच्या सुमारास झालेल्या लढाईत त्याने फ्रेंचांचा पराभव केला. लढाई तासाभरातच आटोपली. वुल्फ रणांगणावर मारला गेला, तर जखमी माँकाम दुसऱ्या दिवशी सकाळी मरण पावला.

हा सारा घटनाक्रम स्मिथच्या चित्रात एकाच दृश्यात सामावला आहे. समोर नदीत सैनिकांनी खच्चून भरलेल्या होड्या किनाऱ्याकडे येत आहेत, मधल्या भागात लाल डगल्यांतील ब्रिटिश सैनिकांची रांग कड्यावर चढते आहे आणि माथ्यावर दोन्ही फौजांच्या फळ्या धुरात एकमेकींसमोर उभ्या आहेत. प्रत्यक्षात पहिल्या होड्या अंधारात किनाऱ्याला लागल्या आणि लढाई जुंपली तेव्हा उन्हे वर आली होती; चित्रात मात्र सर्वत्र दिवसाचा उजेड आहे. त्यामुळे हे चित्र एखाद्या क्षणाची प्रत्यक्षदर्शी नोंद म्हणून न पाहता, मोहिमेचा नकाशा आणि तिची हकीकत यांचा मेळ म्हणून वाचणे योग्य ठरते. मथळ्यात शहर घेतल्याचा दिवस १३ सप्टेंबर दिला आहे, तोही सैल अर्थानेच खरा आहे, कारण शहराने शरणागती पत्करली ती १८ सप्टेंबरला.

शत्रूचा तट, नदीचे वळण, चढणीची वाट यांची टिपणे काढणे हा छायाचित्रणापूर्वीच्या काळात लष्करी कामाचाच भाग असल्याने अधिकाऱ्यांना चित्रकला येणे उपयोगाचे असे. अशी टिपणे पुढे व्यावसायिक कोरक्यांच्या हाती जात आणि मोहिमेच्या बातमीला लंडनमध्ये गिऱ्हाईक मिळे. स्मिथच्या रेखाटनांवरून सेंट लॉरेन्स परिसराची सहा दृश्ये १७६० मध्येच प्रसिद्ध झाली होती आणि ती युद्धाची सूत्रे सांभाळणारा ब्रिटिश मंत्री विल्यम पिट याला अर्पण केलेली होती. प्रस्तुत चित्राची प्रत १७९७ मध्ये पुन्हा बाजारात येण्यामागे, इंग्लंडचे फ्रान्सशी त्या वेळी नव्याने चाललेले युद्ध हेही कारण असावे.

दोन महिन्यांच्या तोफमाऱ्यात शहराची जी धूळधाण झाली, तिचा मागमूस या चित्रात लागत नाही. त्यासाठी ब्रिटिश आरमारातील पर्सर (जहाजावरील रसद व हिशेब पाहणारा अधिकारी) रिचर्ड शॉर्ट याच्या रेखाटनांवरून १७६१ मध्ये निघालेल्या बारा मुद्राचित्रांकडे वळावे लागते. छप्पर उडालेली चर्चे, पोखरलेल्या भिंती आणि ढिगाऱ्यांमधून वाट काढणारी माणसे त्यांत बारकाईने टिपलेली आहेत.