आठ आकड्यांत सोळा फोटो: फोल्डिंग कॅमेऱ्यांतल्या दुहेरी मापाची पार्श्वभूमी

१२० नावाचा फिल्मचा रोल १९०१ साली एका स्वस्त डबा कॅमेऱ्यासाठी आला. ६×९ सेंमी मापाचे आठ फोटो. निगेटिव्हवरून मोठा फोटो काढणारा एन्लार्जर तेव्हा मोजक्यांकडेच होता, निगेटिव्ह कागदावर ठेवून तेवढ्याच मापाचा कॉन्टॅक्ट प्रिंट काढायचा, म्हणून माप मोठं. फोटो मोजायचं काम मात्र कॅमेऱ्याकडे नव्हतंच. फिल्ममागच्या कागदावर छापलेले आकडे पाठीच्या लाल खिडकीतून बघायचे आणि किल्ली फिरवायची.

१९३० च्या आसपास लेन्स सुधारल्या, एन्लार्जर वाढले आणि त्याच रोलमधून जास्त फोटो हवेसे झाले. पण कागदावर ६×९ च्या हिशेबाने आठच आकडे. त्यावरचा तोडगा मला या साऱ्या इतिहासात सर्वांत हुशारीचा वाटतो: पाठीला एकाच ओळीत दोन खिडक्या. '१' पहिल्या खिडकीत आला की एक फोटो, तोच '१' सरकून दुसऱ्या खिडकीत आला की दुसरा, मग '२' पुन्हा पहिल्या खिडकीत. असे ६×४.५ चे सोळा फोटो. आतल्या यंत्रणेत काहीही न वाढवता.

सुपर इकॉन्टा सी आणि बेसा यांसारख्या ६×९ च्या फोल्डिंग, म्हणजे घडी होणाऱ्या, कॅमेऱ्यांत हीच युक्ती पत्र्याच्या सुट्या चौकटीसोबत आली. चौकट आत बसवली की अर्धं माप, काढली की पूर्ण. घोळ इथेच होतो. जुन्या कॅमेऱ्यांतून ती चौकट बहुधा हरवलेली असते, खिडक्या मात्र दोन्ही शाबूत. चौकट नसताना दोन्हींत आकडा आणत गेलं तर प्रत्येक फोटो पुढच्यावर अर्धा चढतो. पूर्ण मापाला एकच खिडकी धरायची. विकणाऱ्याला आधी चौकटीचं विचारावं, लेन्स आणि पाठ जोडणाऱ्या घडीच्या भात्याचं मग.

पुढे कागदावर तीन मापांच्या तीन ओळी आल्या, त्या आजच्या रोलवरही आहेत. सगळ्या रंगांना संवेदनशील फिल्म आल्यावर लाल काच पुरेशी राहिली नाही, खिडकीला झाकण लागलं. सुपर इकॉन्टा बी मध्ये पहिल्या आकड्यानंतरची मोजणी कॅमेऱ्याने स्वतःकडे घेतली, पण ६×६ चे बारा बसतात तिथे अकराच दिले. १९३० च्या दशकातच तीच फिल्म बारीक स्पूलवर गुंडाळून ६२० नावाने विकली गेली. कॅमेरा किंचित सडपातळ झाला एवढाच लाभ. १९९५ मध्ये ६२० बंद झाला आणि त्यावरचे चांगले फोल्डिंग कॅमेरे १२० ची फिल्म जुन्या स्पूलवर अंधारात गुंडाळून घेणाऱ्यांच्याच कामाचे उरले.

१९६५ चा २२० हा रोल दुप्पट लांब, कारण कागद फक्त दोन्ही टोकांना. मध्ये आकडे नाहीत आणि लाल खिडकीतला उजेड थेट फिल्मवर पडणार. खिडकीवर मोजणाऱ्या फोल्डिंगच्या वाट्याला तो आलाच नाही.