रक्तगुठळी विरघळवणाऱ्या उपचारांचे वैद्यकीय कोडिंग

अल्टेप्लेज, टेनेक्टेप्लेज यांसारखी औषधे देऊन रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणे म्हणजे थ्रॉम्बोलायसिस. अमेरिकेत या उपचाराचे बिल करताना निदानासाठी आयसीडी-१०-सीएम, भरती रुग्णावरील प्रक्रियेसाठी आयसीडी-१०-पीसीएस, डॉक्टरांच्या व बाह्यरुग्ण सेवांसाठी सीपीटी आणि औषधासाठी एचसीपीसीएस असे वेगवेगळे कोडसंच लागतात. प्रक्रियेचा कोड औषधाच्या नावावरून क्वचितच ठरतो. औषध कोणत्या वाहिनीत, कोणत्या मार्गाने, कुठल्या रुग्णालयात आणि कोणत्या तारखेला दिले, हे त्यासाठी पाहावे लागते.

हातापायाच्या शिरेतून दिलेल्या औषधाचा पीसीएस कोड ३ई०३३१७. मुख्य निदान मेंदूचा इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून होणारा स्ट्रोक, आय६३) असेल, तर या कोडमुळे केस एमएस-डीआरजी (रुग्णालयाचा मोबदला ठरवणारे गट) ०६१ ते ०६३ मध्ये जाते. तो राहून गेला, तर ०६४ ते ०६६ मध्ये, म्हणजे कमी मोबदल्याच्या गटात. इंजेक्शन बहुधा आपत्कालीन विभागात दिलेले असते आणि डिस्चार्ज समरीत त्याचा एका ओळीतही उल्लेख नसतो. म्हणून औषध दिल्याची नर्सिंग नोंद कोडरने स्वतः उघडून पाहावी.

सर्वाधिक घोळ रुग्ण हलवला जातो तेव्हा होतो. पहिल्या रुग्णालयात औषध देऊन रुग्ण दुसरीकडे पाठवला, तर दुसऱ्या रुग्णालयाने आधी आजाराचा कोड आणि नंतर दुय्यम निदान म्हणून झेड९२.८२ लावायचा. अट एवढीच, की औषध तिथे भरती होण्यापूर्वीच्या २४ तासांत दिलेले असावे. रुग्ण पोहोचला तेव्हा ड्रिप चालू असली तरी नियम हाच. पाठवणाऱ्या रुग्णालयाने मात्र हा कोड कधीच लावायचा नाही. ०६५ या गटाच्या शीर्षकातच ‘२४ तासांत टीपीए’ (टीपीए म्हणजे अल्टेप्लेजच्या जातीचे औषध) हे शब्द आहेत, ते अशाच रुग्णांसाठी.

बाह्यरुग्ण बिलात अल्टेप्लेजचा कोड जे२९९७. १ मिलिग्रॅम म्हणजे १ युनिट. स्ट्रोकमधली मात्रा किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, कमाल ९० मिलिग्रॅम. त्यातला १० टक्के भाग बोलस (एकदम दिलेले इंजेक्शन), उरलेला ६० मिनिटांत. ७० किलोच्या रुग्णाला ६३ मिलिग्रॅम लागते. १०० मिलिग्रॅमची व्हायल (औषधाची कुपी) फोडली, तर ६३ युनिटची एक ओळ आणि टाकून दिलेल्या ३७ युनिटची जेडब्ल्यू मॉडिफायर (कोडला जोडायचे दोन अक्षरी चिन्ह) लावलेली दुसरी ओळ. फेकलेल्या औषधाची नोंद कागदोपत्री नसेल, तर ही दुसरी ओळ तपासणीत टिकत नाही. एकमात्रा व्हायलमधले काहीच वाया गेले नसेल, तर मेडिकेअरच्या (अमेरिकी सरकारी आरोग्यविम्याच्या) बिलात जेझेड मॉडिफायर लागतो. १ जुलै २०२३ पासून तो बंधनकारक आहे.

कॅथेटरवाटे (बारीक नळीतून) थेट गुठळीत औषध सोडण्याचे कोड २०१३ पासून असे: पहिल्या दिवशी धमनीसाठी ३७२११, शिरेसाठी ३७२१२, मधल्या दिवसांसाठी ३७२१३, कॅथेटर काढून उपचार थांबवला त्या दिवशी ३७२१४. हृदयाच्या आणि कवटीच्या आतल्या धमन्या यांत येत नाहीत. दिवस तारखेप्रमाणे मोजतात, २४ तासांचे गट करून नाही. सोमवारी रात्री ११ ला सुरू करून मंगळवारी सकाळी थांबवले, तर ३७२११ आणि ३७२१४. सोमवारीच आटोपले, तर फक्त ३७२११. शेवटच्या तारखेला ३७२१३ आणि ३७२१४ दोन्ही लावल्यास क्लेम अडतो. फुप्फुसातल्या गुठळीला कॅथेटर मांडीच्या शिरेतून जातो, म्हणून नवखे कोडर ३७२१२ लावतात; पण औषध फुप्फुस धमनीत पडते, तेव्हा कोड ३७२११.

यंत्राने गुठळी ओढून काढताना (धमनी ३७१८४, शीर ३७१८७, कवटीच्या आत ६१६४५) त्याच प्रक्रियेत दिलेले गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्या कोडमध्येच धरलेले असते. पोर्ट किंवा सेंट्रल लाइन (औषधे देण्यासाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी) अडली आणि त्यात २ मिलिग्रॅम अल्टेप्लेज भरून ठेवले, तर ३६५९३. नुसत्या हेपरिन फ्लशला हा कोड लागत नाही. योग्य मात्रा देऊनही रक्तस्राव झाला, तर आधी रक्तस्रावाचा कोड, मग टी४५.६१५ए. औषध आणि रक्तस्राव यांचा संबंध डॉक्टरांनी लिहिलेला नसेल, तर कोडरने तो गृहीत धरू नये, लेखी विचारणा करावी.